गव्हातला लाल बुडखा

"अहो, या इकडे, सापडलं!" माझी बायको सुमन गव्हातून ओरडली आणि मी हातातलं फावडं टाकून धावलो.

तणनाशक मारल्यावर बाकीचं तण कधीच वाळून गेलं होतं. हे गवत मात्र गव्हाच्या ओळीत गहू होऊन उभं होतं. तेच पान, तीच उंची. सुमननं खाली वाकून बुडखा दाखवला. गव्हाचा बुडखा पांढरट असतो, याचा लालसर होता. चोर सापडल्यासारखा आनंद झाला मला! मग काय, आम्ही दोघं वाकून सगळं वावर धुंडाळत सुटलो. "हे बघ!" "हे पण!"

उपटता उपटता एक गोष्ट लख्ख दिसली. दर हंगामात आम्ही तेच औषध मारलं. जे लेचंपेचं होतं ते मेलं, ज्याला औषध पचलं त्यानंच बी धरलं. म्हणजे ही चिवट जात आम्हीच निवडून तयार केली की! काय गंमत आहे, इतकी कडक निवड तर आम्ही गव्हाचीही कधी केली नाही.

एका गवताला लोंबी आली होती. सवयीनं मी ते बांधावर फेकणार, तेवढ्यात सुमन ओरडली, "अहो, बी सांडेल ना!"

तिनं ती लोंबी अलगद पदरात घेतली आणि पदर खोचला. बियाण्याच्या ओंब्याही ती अशाच जपून घरी नेते. त्या आढ्याला टांगते. ही लोंबी थेट चुलीत गेली.