मिरचीच्या जागेतला झेंडू

बाळांनो, तुमच्या कुंडीतला झेंडू नुसता उंच वाढतो आणि फूल एकच देतो, असं तुम्ही लिहिलंत. त्याचा शेंडा खुडा. मी खात्रीने सांगते, कारण याच गोष्टीवर लहानपणी मी परसातली जागा जिंकली होती.

वडगावात आमच्या घरी हातमाग होता. मागच्या दारी मी झेंडू लावला होता आणि आत्याला तिथे मिरची हवी होती. शेवटी आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, निकाल दिला, "खंडेनवमीला मागाच्या पूजेला पुरतील एवढी फुलं निघाली तर जागा पोरीची. न्हाय तर आक्का, तू मिरची लाव."

रोपं वीतभर झाली तेव्हा मी सगळ्यांचे शेंडे नखाने खुडले. काहींवर बारीक कळ्या होत्या, त्याही गेल्या. आमच्या इंग्रजी शाळेतल्या बाई आपल्या बागेत असंच करत. एक शेंडा गेला की पानांच्या बगलेतून नवे फुटतात, हे मी तिथे पाहिलं होतं. आत्याने पाहिलं नव्हतं.

"अगं, कळ्याच मोडल्यास व्हय? आता मागाला काय, तुझी पाटी बांधायची?"

"फांद्या फुटतील, आत्या."

"फुटू देत. मी मिरचीचं बी काढून ठेवते."

भादव्यात शेजारच्या परसात झेंडू फुलला. आमच्याकडे नुसता पाला. आत्या रोज सकाळी डोकावून "आज बी न्हाय!" म्हणे आणि आत जाई. मी मात्र पाणी तुंबू दिलं नाही. पावसाने झुडपं लवली तेव्हा त्यांना बांबूच्या काड्या लावून मागावरच्या तुटक्या सुताने बांधलं.

नवरात्र बसलं आणि कळ्या उमलू लागल्या. खंडेनवमीच्या सकाळी टोपली भरली, दुसरी भरली, मग आप्पांनी धोतराचा सोगा पुढे केला. माग फुलांनी झाकून गेला, तरी झुडपं पिवळीच! शेजाऱ्यांचा बहर केव्हाच ओसरला होता, त्यामुळे सगळी गल्ली आमच्या दारी आली.

फुलं वाटायला कोण बसलं होतं? आत्या.

"घे गं, लई हायत. आमच्या पोरीनं शेंडं खुडल्यात. तुम्हाला कुठनं ठावं असणार!"

"आक्का, मिरचीचं काय करायचं?" आप्पांनी विचारलं.

"मिरची काय, बाजारात मिळती की," आत्या म्हणाली आणि माझ्यासमोर रिकामी टोपली धरली, "जा, आणखी आण."