हेडलाइटची रिंग

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बाबांना तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — ओळखत असतात तर बहुतेक गप्पच बसले असते.

बाबा बडनेऱ्याला रेल्वेत होते. निवृत्तीनंतर त्यांची जुनी स्कूटर अंगणात गंजत पडली. ती पुन्हा रस्त्यावर आणायची, असं मीच डोक्यात घेतलं. इंजिन झालं, रंग झाला. राहिली ती चमक — ब्रेकची लिव्हर, किक, आरशांच्या दांड्या, हेडलाइटची रिंग. अकोल्याचे मुश्ताकभाई क्रोम चढवून देतात, असं कळलं. पिशवी भरली आणि गाडीत बसले. ‘सगळं मोजून देजो वं,’ बाबांनी बजावलं होतं. मोजलं का मी? छे! माझं कधी चुकत नाही, हा माझा तोरा.

सामान परत घ्यायला गेले, तर बाकी सगळं लखलखीत, फक्त रिंग नाही. मी आवाज चढवला. तीनचार गिऱ्हाइकं उभी होती, त्यांच्यासमोर. ‘मी माह्या हातानं देली तुमाले!’

आणि हे बोलता बोलताच — अगदी बोलता बोलता — मला तुपाचा रिकामा डबा आठवला. गंज सुटावा म्हणून त्यात डिझेल ओतून रिंग मीच भिजत घातली होती. ती घरी होती. मोरीशेजारी.

तेव्हाच सांगायचं ना? एक वाक्य तर होतं. पण चढवलेला आवाज उतरवायचा कसा? मला नाही जमलं.

मुश्ताकभाई चिडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, ‘ताई, तारेवरून निसटते कधी कधी. टाकीत पडली असन. बसा, पायतो मी.’ क्रोम चढवताना सामान तांब्याच्या तारेला टांगून टाकीत सोडतात. गाठ सैल राहिली की ते तळाला जातं. त्यांनी दोरीला लोहचुंबक बांधून टाकीत सोडलं. एक वायसर निघाला, कुणाच्या तरी दाराची कडी निघाली. पुन्हा सोडलं. पुन्हा. मी स्टुलावर बसून त्यांनीच मागवलेला चहा पीत होते.

शेवटी ते बाहेर गेले आणि स्वतःच्या, बाबांच्यासारख्याच स्कूटरची रिंग खोलून घेऊन आले. ‘माह्या हातून गेली, तं मीच देईन.’ ती घासून, तिच्यावर नवं क्रोम चढवून त्यांनी मला दिली. आणि मी? मी घेतली.

बाबा नव्यानं उभ्या राहिलेल्या स्कूटरवर पहिल्यांदा बसले तेव्हा आधी रिंगेवरून हात फिरवला. मग स्टेशनपर्यंत चक्कर मारून आले, आणि पोरासारखे हसत उतरले. आजही रोज सकाळी गाडी पुसताना ते रिंगेपासून सुरुवात करतात. हे सुख माझ्या घरात मुश्ताकभाईंमुळे आहे. त्यांची आठवण आली की मला भरून येतं, हे अगदी खरं सांगते. इतकं भरून येऊनही त्यांना खरं सांगितलं नाही, हेही तेवढंच खरं. डिझेलमधली रिंग मी डब्यासकट भंगारवाल्याला देऊन टाकली होती — बाबा झोपलेले बघून.

गेल्या महिन्यात मैत्रिणीच्या मोटारसायकलचं सामान घेऊन पुन्हा अकोल्याला गेले. दारात मुश्ताकभाईंची स्कूटर होती, हेडलाइटला काळी, रंग दिलेली रिंग. आत ते एका नव्या गिऱ्हाइकाला प्रत्येक तारेची गाठ ओढून दाखवत होते. मला पाहून खुलले. ‘या ताईची रिंग माह्या हातून गेली होती,’ सगळ्यांदेखत ते त्याला म्हणाले, ‘तवापासून दोन गाठी मारतो.’

सगळे माझ्याकडे बघू लागले.

‘जाऊ द्या भाऊ, होते असं कधी कधी,’ मी म्हणाले. चारचौघांत मी त्यांना माफ केलं.