एका दिवसाचा कार्यभार

सत्कारात कुणी मला 'निर्भीड प्राचार्य' म्हटलं की माझं डोकंच सटकतं. डोंबलाचा निर्भीड!

माझी पीएच.डी. सतराव्या शतकातल्या युरोपी तत्त्वज्ञांवर, त्यातही भीती या विषयावर. मरणाच्या भीतीपोटी माणूस काय काय करतो, हे मी यवतमाळच्या पोरांना पंचवीस वर्षं शिकवलं. मग प्राचार्य झालो आणि हजेरी कमी असलेल्यांचे परीक्षेचे फॉर्म अडवले. नियम म्हणजे नियम. त्यावर बाहेरगावच्या एका संघटनेचं निवेदन टपालानं आलं: फॉर्म घ्या, नाहीतर सोमवारी येऊन प्राचार्याच्या तोंडाला काळं फासू.

ते मी ड्रॉवरमध्ये कोंबलं. पोलिसांना कळवलं असतं तर गावभर झालं असतं, आणि तिकडे विद्यापीठात अधिष्ठातापदासाठी माझं नाव चाललं होतं. याला कॉलेज सांभाळता येत नाही, असं कुणी म्हणायला नको होतं मला.

सोमवारी विद्यापीठात बैठक होती, दुपारी चारला. मी सकाळी सातचीच एसटी धरली. माझ्या जागी एक दिवस प्राचार्य म्हणून बसायचं, असं कार्यभाराचं पत्र शनिवारीच मित्राच्या हातात दिलं होतं. तो आमच्याच कॉलेजात इतिहास शिकवायचा, मूळचा फुलसावंगीचा. वीस वर्षं आम्ही एकाच डब्यातून जेवत आलो. पत्र पाहून गडी खूश! "एक दिवस का होईना, खुर्ची गरम करतो बे!" म्हणाला.

अकरा वाजता शिपायाचा फोन आला. "सर, मारून राह्यले! लय मारून राह्यले!" मागून काच फुटल्याचा आवाज आला, मग मित्राचं ओरडणं. मी बैठकीसाठी न थांबता परतीची गाडी पकडली, तेवढी तरी लाज शिल्लक होती.

बाकीचं शिपायानंच सांगितलं. संघटनेची पोरं घुसली आणि विचारलं, प्राचार्य कोण? मित्र नवा पांढरा शर्ट घालून बसलेला, म्हणाला, "आज मीच." त्यांनी इंजिनाच्या काळ्या ऑइलचा डबा त्याच्या डोक्यावर ओतला. तो भडकला, एकाच्या कानाखाली वाजवली. मग सगळ्यांनी मिळून त्याला गुरासारखा बडवला. पाठीवर खुर्ची मोडली. केस धरून टेबलाच्या काचेवर तोंड आपटलं, काच फुटली, आणि त्या फुटक्या काचेवर पुन्हा आपटलं. डावा डोळा गेला.

संध्याकाळी दवाखान्यात गेलो. त्याच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती, कानामागचं ऑइल अजून निघालं नव्हतं. त्याची बायको उशाशी उभी होती, माझ्याकडे बघत नव्हती.

"तुले माईत होतं का रे?" त्यानं विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

त्यानं चाचपडत माझा हात धरला आणि बायकोला म्हणाला, "पाह्य, म्हटलं ना तुले? याले माईत असतं, तर यानं मले बसूच देल्लं नसतं."