थांबा लिहिलेलं पान

मी मुळातच उतावळी. आई म्हणायची, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. आखातात, अल खौदला, आमच्या घराखाली स्टेशनरीचं दुकान होतं. तिथे अमेरिकन सुपरहीरोंचं नवं कॉमिक आलं की वर पोचेपर्यंत जिन्यातच माझं अर्धं वाचून व्हायचं. मग पुढच्या अंकापर्यंत नुसती चडफड. हीरो मेला तरी मला फरक पडत नसे. आज गाडलेला उद्या केप झटकून हजर होणार, हे पाठ होतं.

नववीत असताना त्या दुकानात मांगा, म्हणजे जपानी कॉमिक्स, आली. जाडजूड, काळीपांढरी, इंग्रजीत. पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत ‘थांबा’ लिहिलेलं. कॉमिकमध्ये पहिलं पान जाहिरातीचंच असायचं, म्हणून मी ते उलटलं आणि सुटले. आधी थडगं, मग नायकाची आजारी बहीण, मग तीच बहीण अंगणात पळतेय! छपाईत घोळ झालाय म्हणून दुकानदाराशी भांडायला उतरले, तर पुढच्या गल्लीतली माझी मैत्रीण तिथे वह्या घेत होती. रत्नागिरीची ती, कुराण शिकल्यामुळे अरबी वाचायची सवय. पुस्तक बघून खो खो हसली.

“अगो, उलटा काय वाचतेस? हा उजवीकडना उघडायचा, अरबीसारखा.”

मग रोज दोघी मिळून वाचायला लागलो. ती रिकाम्या खुर्चीच्या चित्रावरही रेंगाळायची, मी पान ओढायची.

“इथे काहीच होत नाहीये!”

“बघ तरी जरा.”

बहीण मेली तेव्हा मी म्हटलं, “येईल पुढच्या भागात.”

“नाय गो. यात गेलेला माणूस परत येत नाय.”

मला भयंकर राग आला. तरी दुसऱ्या दिवशी दुसरा भाग मागायला दुकानात मीच पहिली.

उन्हाळ्यात तिच्या वडिलांच्या अर्बाबने, म्हणजे मालकाने, व्हिसा रद्द केला. रत्नागिरीला परतायला ते खोक्यांना दोऱ्या बांधत होते, तेव्हा मी तिला ठासून सांगितलं, “दुसरा व्हिसा मिळतो गं. सुट्टी संपली की येशील.” तिच्याकडचे सगळे भाग तिने मलाच दिले.

शाळा उघडली. बसमध्ये मी शेजारच्या सीटवर दप्तर ठेवून तिची जागा धरली. बस तिच्या गल्लीत वळलीच नाही. मी ओरडले, “अंकल, एक बाकी है!”

ड्रायव्हरने आरशातून पाहिलं. “वो फॅमिली तो गया, बेटा. खलास.”

मी दप्तर मांडीवर घेतलं आणि शाळा येईपर्यंत त्या रिकाम्या सीटकडे बघत राहिले.