न घेतलेल्या ठेवीची साक्ष

निक्षेप म्हणजे दुसऱ्याने विश्वासाने आपल्या हाती सोपवलेली ठेव. ती जपावी आणि ज्याची त्याला पोचती करावी, हे स्मृतिकारांपासून सगळे सांगत आले. पण ठेव स्वीकारण्याचा अधिकार आपल्याकडे उरलेला नाही हे ओळखून पुढे गेलेला हात मागे घेणे, हा त्याच धर्माचा दुसरा, अधिक कठीण भाग आहे. तो पाळणाऱ्याला कोणी दुवा देत नाही. मिनियापोलिसच्या गूलेद फारहच्या वाट्याला तोच आला.

सोमाली बाजाराच्या माडीवर, शिंप्याच्या आणि चहावालीच्या मधल्या काचेच्या खिडकीआड गूलेद बसे. तो पैसे पाठवणाऱ्या एका कंपनीचा प्रतिनिधी. टॅक्सीवाले, कोंबड्या कापण्याच्या कारखान्यात राबणाऱ्या बाया त्याच्या हाती पैसे देत आणि ते समुद्रापलीकडे मायदेशी, गर्बहारेच्या बाजारात पोचत. तिकडे घरांना क्रमांक नाहीत, माणसांपाशी कागद नाहीत. म्हणून गूलेद स्वतः फोन लावी आणि घेणाऱ्याला ओळख म्हणून बापजाद्यांची नावे क्रमाने म्हणायला लावी.

“सातवा कोण?”

“थांबा हं काका, आईला विचारतो.”

“आईला काय विचारतोस? आजोबा तुझे की तिचे?”

शेजारची चहावाली हसत असे. गूलेदला साऱ्या बाजाराच्या वंशावळी मुखोद्गत होत्या. त्याची स्वतःची मात्र कोणी कधी विचारली नव्हती, कारण त्याचे पैसे घेणारे तिकडे कोणी उरले नव्हते. युद्धाने गाव नेले, आजाराने बायको नेली.

त्याच्या डोक्यावर भिंतीवर राज्य सरकारचा परवाना चौकटीत लावलेला होता. लोक त्या चौकटीला हसत. मग एका रमजानात खालच्या मजल्यावरचा बिनपरवान्याचा माणूस लोकांचे पैसे घेऊन नाहीसा झाला. त्यात अंबरोचेही गेले. ही कारखान्यात राबणारी विधवा, जिभेची तिखट. तेव्हा गूलेदने तिला परवान्याकडे बोट दाखवून समजावले, “या कागदामागे जामीन आहे, अंबरो. मी पळालो तरी तुझे पैसे तुला मिळतील.”

“तू पळणार? आधी गुडघे बघ स्वतःचे, उंटा.”

तेव्हापासून ती त्याच्याचकडे येई. गर्बहारेत तिची धाकटी बहीण दहबो होती, तिच्या औषधांसाठी.

एका हिवाळ्यात बँकेने कंपनीचे खाते बंद केले. दूरदेशी जाणाऱ्या पैशांचा धोका पत्करवत नाही, एवढेच कळवले. बँकेवाचून कंपनीचे काम चालेना. तिने राज्याला परवाना परत केला. त्या महिन्यात बाजारातल्या पैसे पाठवणाऱ्या इतर खिडक्याही अशाच बंद झाल्या. परवाने देणाऱ्या सरकारी खात्याच्या लिंडक्विस्टबाई बर्फ झटकत माडीवर आल्या आणि वेलदोड्याचा चहा घेत म्हणाल्या, “सोमवारनंतर कोणाकडून एक डॉलरही घेऊ नका, मिस्टर फारह. घेतलात तर तो गुन्हा ठरेल.”

“दार बँकेनं लावलं, आणि गुन्हेगार मी?”

“तुमच्याच लोकांचे पैसे बुडू नयेत म्हणून आहे ना हा नियम.”

“ते ठाऊक आहे, बाई,” गूलेद म्हणाला. “ठाऊक नसतं तर सोपं गेलं असतं.”

त्याने चौकट स्वतः उतरवली. भिंतीवर फिकट चौकोन उरला.

मंगळवारी अंबरो आली. तिने काचेखालून नोटा सरकवल्या. “दहबोची औषधं संपलीत.”

“घेता येत नाही गं.”

“समोरच्या दारानं जाता येत नसेल तर मागच्यानं पाठव. तुला सगळ्या वाटा ठाऊक आहेत.”

खरेच ठाऊक होत्या. बिनकागदी पैसे फिरवणाऱ्या दुबईच्या एका व्यापाऱ्याला फोन केला असता तर काम झाले असते. गूलेदचा हात नोटांपर्यंत गेला. मग त्याला तो रमजान आठवला आणि जिन्यावर बसून रडणारी हीच बाई.

“वाटेत बुडाले तर कोण भरून देईल?”

“तू.”

“आणि मीच मेलो तर?”

अंबरोने नोटा ओढून घेतल्या. “सरकारचा जावई झालास रे! सासरी सुखी राहा.”

हे साऱ्या माडीने ऐकले. दुसऱ्या दिवसापासून चहावालीच्या बाकावर त्याच्यासाठी कोणी सरकून जागा केली नाही. बंद काचेआड तो एकटाच बसून राही. भाडे वर्षभराचे भरलेले होते, आणि दुसरीकडे जाण्यासारखी जागा नव्हती.

मग त्याच्या मनात आले, की पैसे न येण्याचा गर्बहारेत अर्थ एकच होतो: पाठवणारा मेला, किंवा विसरला. त्याने दहबोला फोन लावला.

“अंबरो सांगते बँक बंद झाली म्हणून,” दहबो खवळून म्हणाली. “अमेरिकेत कधी बँक बंद होते का? तिच्या सुनेनं पढवलंय तिला, मला पैसे धाडू नकोस म्हणून.”

“तिनं पैसे माझ्यापुढे ठेवले होते. मी घेतले नाहीत. दोष माझा.”

दहबोने त्याला अडवले. “साक्ष देणारा तू कोण? मला दर महिन्याला आजोबांची नावं म्हणायला लावतोस ना? आज तू म्हण तुझी.”

गूलेद म्हणू लागला. सातव्या नावापाशी तो अडखळला, विसरल्यामुळे नव्हे; ती नावे त्याला आजवर कोणी विचारलीच नव्हती. दहबोने ती मालिका त्याच्याकडून पुन्हा म्हणवून घेतली आणि मागून स्वतः म्हटली.

त्यानंतर त्याने एकेका घरी फोन करून सांगितले: तुझा मुलगा तुला विसरलेला नाही, दोष माझा. कोणी शिव्या दिल्या, कोणी फोन ठेवला. इकडे त्याने कोणालाच काही सांगितले नाही, आणि तिकडच्यांनाही सांगू नका म्हटले. वसंतात खालच्या मजल्यावर परवाना असलेली नवी कंपनी आली आणि लोक पुन्हा रांगेत उभे राहिले. माडीवर कोणी चढले नाही. दर शुक्रवारी मात्र तो दहबोला फोन करी, तब्येत विचारी.

पुढच्या हिवाळ्यात गूलेद गेला. दफनापूर्वी इमामांनी त्याची वंशावळ विचारली. बापानंतरचे नाव कोणालाच येईना; तेवढ्यावरच दफन झाले. अंबरोने घरी जाऊन बहिणीला सहज फोन केला. “तो उंट गेला गं, आपले पैसे न घेणारा.”

दहबो रडली. मग तिने बहिणीला न थांबता सारी नावे म्हणून दाखवली, आणि तो फोनवर काय सांगत असे तेही सांगितले.

गूलेदमागे मूलबाळ नाही. त्याच्या काचेआड आता मोबाइलची कव्हरे विकतात. गर्बहारेत दहबोला त्याच्या आजोबांची नावे पाठ आहेत.