पति का नाम?

ग्रुपवरच्या मंडळींनो, आज सुधीरने आणि मी काशीजवळ रामनगरला दोन खोल्यांचं घर घेतलं. दोघांच्या नावावर, लग्न न करता.

रजिस्ट्रीच्या बाबूने मला विचारलं, "पति का नाम?"

"पति नहीं हैं. पिता का नाम लिखिए."

सगळे वळून बघायला लागले. साक्षीला आलेला सुधीरचा ऑफिसातला मित्र तेवढ्यात सटकला. आता काम अडणार, असं वाटत असतानाच दारात बाबा दिसले. आज रजिस्ट्री आहे, एवढाच निरोप मी त्यांना धाडला होता. बालाजी घाटावर पूजा सांगणारे माझे बाबा सुधीरमुळे वर्षभर माझ्याशी बोलले नव्हते.

"गवाह मैं हूँ," म्हणत त्यांनी सही केली. मग मला म्हणाले, "मला हे पटलेलं नाही. पण मान खाली घालू नकोस."

इतका अभिमान मला बाबांचा कधीच वाटला नव्हता. न पटताही तुमच्यासाठी असं कोणी उभं राहिलंय?