अजून पिकला नाही

चूक माझीच होती, आणि ती मी अकोल्यातल्या एका दवाखान्याच्या दारात केली. डॉक्टरांनी मला आत बोलावून सांगितलं होतं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, ऑपरेशन लवकर करून घ्या. वडील बाहेर बाकावर बसले होते.

"काय म्हणे?" त्यांनी विचारलं.

"अजून पिकला नाही म्हणे. पिकला की काढू."

मोतीबिंदू पिकल्यावरच काढायचा, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक. वडील मुकाट्यानं वलगावला परतले. तिथे ते एकटेच राहतात, शेवंती लावतात. खरं असं होतं, की ऑपरेशननंतर त्यांना अकोल्यातल्या आमच्या दोन खोल्यांत ठेवून घ्यावं लागलं असतं, वेळच्या वेळी डोळ्यांत औषध टाकावं लागलं असतं. मुलीची बारावी होती. बारावी झाली, तरी मी तेच सांगत राहिलो.

दिवाळीच्या तोंडावर न कळवता गेलो. वडील ओसरीत खाटेवर बसलेले, डोळ्यांवर काळा चष्मा. शेजारची काकू हातात औषधाची बाटली घेऊन उभी.

"या साहेब," ती म्हणाली. "पाव्हणे आले. च्या मांडतो."

ऑपरेशन अमरावतीच्या शिबिरात झालं होतं. तीच घेऊन गेली होती. मला साधा फोनही केला नव्हता. पोटच्या पोराला वगळून शेजारणीला सोबत नेलं, हे मला फार लागलं.

"मले सांगितलं काहून नाही? मी मेलो होतो का?"

वडील चष्मा जरा वर करून टोपलीतल्या शेवंतीकडे पाहत होते. "किती पांढरी हाय पाह्य. लोकं पांढरी म्हणत, मले पिवयीच दिसे."

मग त्यांनी तोंड माझ्याकडे वळवलं. "शिबिरातला डॉक्टर म्हणे, पिकायची वाट आता कोणी पाहत नाही, तुमी काहून थांबले? गावानं सांगितलं असतं तर म्या मानलं नसतं. तू सांगितलं म्हून थांबलो." मग म्हणाले, "त्या अकोल्याच्या डॉक्टरनं खरं काय सांगितलं होतं रे?"

काकू चहाचं विसरून तिथेच उभी राहिली. दुसरा डोळा अजून बाकी होता. त्या वेळी ते मला हाक मारतील की तिलाच, हे माझ्या उत्तरावर होतं.

"तवाच करा म्हणे," मी म्हणालो. "पिकला नाही, हे माह्या मनचं होतं. मले तुमची उठबस नको होती, बाबा. माफ करा मले."